चिठ्ठीनं मिळालेला अधिकार

सूनबाई कामाला बसली की तिच्या खोलीत फक्त मला जायची मुभा होती, कारण मी काही बोलत नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही हे सगळ्या अंथुर्णे गावाला माहीत आहे. लग्नाकार्यात मला कुणी नाव घ्यायचा आग्रहसुद्धा करत नाही, उगाच पंगत खोळंबते. पण तिच्या खोलीत तेच माझ्या पथ्यावर पडलं. ती लॅपटॉपवर पुण्याच्या लोकांशी बोलायची आणि मी खाली बसून भाजी निवडायची. तिथं जे दिसलं आणि ऐकलं ते कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून लिहून ठेवते.

ती खोली आधी पेंडीची होती. लग्न होऊन सूनबाई आली तेव्हा ह्यांनी पोती बाहेर काढली, चुना मारून घेतला आणि गावात सांगितलं की आमच्या घरी पुण्याच्या कंपनीचं ऑफिस निघालंय. ऑफिसात एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीपलीकडे दोन म्हशी. मीटिंगमध्ये म्हैस ओरडली की सूनबाई पटकन स्वतःचा आवाज बंद करायची. तिकडच्या एका मुलीनं तिला विचारलं होतं म्हणे, की तुमच्याकडे कुणी आजारी आहे का.

सूनबाई वडगाव निंबाळकरची. बारामतीला इंजिनिअरिंग केलं. माझा मुलगा एमआयडीसीत नोकरीला, पाळीप्रमाणे मोटारसायकलवर जातो-येतो. कंपनीनं सूनबाईला सहा महिने पारखायला ठेवली होती. सहा महिन्यांनी पसंत पडली तर कायम, आणि काम गावातूनच. नाही पडली तर दुसरी नोकरी शोधायची, आणि तसली दुसरी नोकरी गावात बसून मिळत नाही. म्हणजे तिनं पुण्याला खोली घ्यायची, मुलगा इथं आणि ती तिथं. घरी बसणार नाही, हे तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. मला ती जायला नको होती. इतक्या वर्षांत या घरात मला कुणी एखादी गोष्ट शेवटपर्यंत समजावून सांगितली असेल तर ती तिनंच.

तिचं काम तिनं मला असं सांगितलं. जगभरची माणसं प्रोग्रॅम लिहितात आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवून देतात. पण आहे तसा तो कुणाच्या उपयोगाचा नसतो, शेतात उभ्या ज्वारीसारखा. त्याचा एकेक भाग जोडून, आवळून त्याचं पॅकेज करायचं, म्हणजे ज्याला पाहिजे त्याला तो आपल्या मशीनवर सहज घालता येतो. या जोडणीला ती बिल्ड म्हणायची. बिल्ड व्हायचं पुण्याच्या ऑफिसातल्या एका मोठ्या मशीनवर, ही इथून त्याला हुकूम द्यायची. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या टेस्ट बरोबर घेऊन येतो. डेअरीवर दूध घातलं की लगेच फॅट लावून तपासतात, तसं बिल्ड झालं की त्या टेस्ट आपोआप चालतात. सगळ्या हिरव्या आल्या की पॅकेज बाहेर पडतं, आणि एक जरी लाल आली तरी सगळं तिथंच अडतं.

त्या पावसाळ्यात तिच्या वाट्याला एक प्रोग्रॅम आला आणि तो रोज दुपारी लाल यायला लागला. मशीनमधल्या सगळ्या फाइलींची जादा प्रत ठेवायची आणि गरज पडली की ज्याची फाइल त्याच्या नावावर परत लावून द्यायची, असं त्याचं काम. त्यामुळे त्याच्या टेस्टही तशाच. एक फाइल करायची आणि दुसऱ्याच्या नावावर चढवायची. एक डिस्क जोडायची, काढायची. हे फक्त मशीनच्या मालकाला करता येतं. त्याला ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आणि ज्या मशीनवर बिल्ड व्हायचं तिथं हा अधिकार मुद्दाम कुणाला ठेवलेला नव्हता. टेस्ट मागायची, मशीन म्हणायचं परवानगी नाही, की लाल.

"मुद्दाम का?" मी विचारलं.

"आई, आपण कुणाचाबी प्रोग्रॅम आणून जोडतो. त्यात काय भरलंय ते कुठं ठाऊक असतं? त्याला घरभर फिरायची मोकळीक दिली तर काय करंल सांगता येत न्हाय. म्हणून त्याला एका खोलीत बसवायचं. काय करायचं ते हितंच कर म्हणायचं."

मला पटलं. नवी म्हैस आणली की आम्हीही तिला पहिल्या दिवशी बाकीच्यांच्या दावणीला बांधत नाही.

तिच्यापुढं तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे त्या टेस्ट सरळ बंद करून टाकायच्या. बरेच जण तसंच करतात म्हणाली. पण मग ते पॅकेज न तपासता बाहेर जाणार, आणि उद्या कुणाच्या फाइली भलत्याच्या नावावर चढल्या तर नाव हिचं. दुसरी वाट खोट्या मालकाची.

"एक असा प्रोग्रॅम असतो, आई, तो टेस्टला सांगतो की तूच मालक. टेस्टनं म्हटलं ही फाइल त्याच्या नावावर कर, की तो म्हणतो केली. खरं काहीच हलत न्हाय. पण टेस्टचं समाधान होतं, आन् तिला काय तपासायचं ते तपासूनबी होतं."

मला त्यात फार नवीन वाटलं नाही. बाहेर ओसरीवर हे ड्रिपवाल्याला मोटर चालू करायची परवानगी देत होते, आणि मोटर मघाचीच चालू होती.

पण डिस्क जोडण्याचं सोंग करता येत नाही म्हणाली. ती खरीच जोडावी लागते. म्हणून तिसरी वाट. तेवढ्या टेस्टपुरतं एक वेगळंच मशीन तयार करायचं. म्हणजे खरं लोखंडाचं नाही, मोठ्या मशीनच्या पोटात मांडलेलं. तिथं टेस्टला सगळा अधिकार द्यायचा, काय गोंधळ घालायचा तो घालू द्यायचा, आणि झालं की पत्रावळीसारखं ते मशीनच टाकून द्यायचं. यासाठी ऑफिसातून थोडी जागा लागत होती आणि ती देणं पुण्याच्या साहेबांच्या हातात होतं. सूनबाईनं मागितली. साहेब म्हणाले, "बघू." पुढच्या सोमवारी पुन्हा मागितली. साहेब पुन्हा "बघू" म्हणाले. सहा महिने सरत आले होते, टेस्ट रोज लाल येत होत्या, आणि साहेब बघत होते.

असंच एकदा जेवताना ह्यांनी तिला विचारलं, की पोरी, ताटावर बसून कसला विचार करतीस. तिच्या तोंडून निघून गेलं, "काय न्हाय आबा, त्या मशीनवर अधिकार न्हाय, म्हणून काम अडलंय."

ह्यांचा घास हातातच राहिला. "कुणाला अधिकार न्हाय? आपल्या घरच्या माणसाला?"

"कुणालाच न्हाय आबा. तसंच असतंय ते."

"कोण न्हाय म्हणतंय?"

"मशीन म्हणतंय."

"मशीन कुणाचं ऐकतं?"

"सरांचं."

"मग सरच म्हणाला की. सरळ सांग ना."

"आबा, मला नकोच हाय अधिकार. माझं काम दुसऱ्या वाटेनं हुतंय. फक्त सरांनी जागा द्यायची ऱ्हायलीय."

"आधी अधिकार न्हाय म्हणाला, मग जागा न्हाय म्हणतोय. उद्या खुर्ची न्हाय म्हणंल. तू ल्हान हायेस अजून. जेव तू."

मी भाकरी वाढायला उठले तेव्हा बघितलं, ह्यांच्या तोंडावर निवडणुकीच्या दिवसांतली कळा आली होती. आमच्या ह्यांचं एक ठाम मत आहे. या तालुक्यात जे काही अडतं ते चिठ्ठीवाचून अडतं. कालव्याचं पाणी असो, विजेचा डीपी जळालेला असो की कुणाच्या पोराचा कॉलेज प्रवेश असो, मोठ्या माणसाची चिठ्ठी न्यावी लागते. कडक इस्तरीचे पांढरे कपडे ते एवढ्याचसाठी ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच कपडे घालून ते इंदापूरच्या गाडीत बसले. संध्याकाळी आले आणि जेवणानंतर मिशीला दोनदा हात लावला. तेव्हाच मला काहीतरी शिजल्याचा वास आला होता, पण काय ते कळलं नाही.

ते कळलं दोन दिवसांनी. सूनबाई सकाळी लॅपटॉप उघडून बसली आणि एकदम म्हणाली, "आई, हे काय?"

साहेबांचा निरोप होता. तिनं मला वाचून दाखवला. तुम्हाला बिल्डच्या मशीनवर पूर्ण अधिकार दिले आहेत, त्यासाठी इतक्या वरपर्यंत जाण्याची गरज नव्हती.

"वरपर्यंत म्हणजे कुठं?" ती म्हणाली.

दारात हे उभे होते. बहुतेक सकाळपासूनच उभे होते. "मिळाला का?" ह्यांनी विचारलं. मग स्वतःच आत येऊन पेंडीच्या जुन्या पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. इंदापुरात एका पुढाऱ्याचं संपर्क कार्यालय आहे. मोठा नाही, पण मोठ्याच्या शेजारी फोटोत असतो. तो काही भेटला नाही. त्याचा पीए भेटला.

"पीए म्हणाला, कशाची चिठ्ठी? बदलीची का प्रवेशाची? म्हटलं, अधिकाराची. म्हणाला, कुठलं खातं? म्हटलं, पुण्याची कंपनी. मशीनवर अधिकार पायजे. त्याची पापणीसुदिक लवली न्हाय बघ. म्हणाला, बसा पाव्हणं, च्या घ्या."

पीएकडे छापील कागद तयार असतात, शिक्काही त्याच्याचकडे. सदर भगिनी माझ्या चांगल्या परिचयाच्या असून अत्यंत होतकरू आहेत, तरी त्यांना आपल्या मशीनवर पूर्ण अधिकार देऊन सहकार्य करावे, एवढं त्यानं लिहून दिलं. पुढाऱ्यानं माझ्या सुनेला कधी बघितलेलं नाही आणि मशीनही बघितलेलं नाही. लॅपटॉप कुरिअरनं आला होता तो खोका आमच्या माळ्यावर होता, त्याच्यावर साहेबांचा फोन नंबर. ह्यांनी चिठ्ठीचा फोटो काढून त्या नंबरवर धाडला. शिवाय फोन करून सांगितलं, की साहेब, वरनं आलीय, तेवढी बघून घ्या.

सूनबाईनं दोन्ही हात डोक्याला लावले. "आबा, काय केलं तुमी हे!"

"आभार मानू नको. घरच्याला कसले आभार?"

तिनं तिथल्या तिथं साहेबांना फोन लावला. आम्ही दोघं समोरच होतो. "सर, मला हे अधिकार नकोत. आत्ताच्या आत्ता काढून घ्या. त्या टेस्ट पूर्ण अधिकाराने तिथे चालवणं बरोबर नाही."

"नको, नको, राहू द्या आता," साहेबांचा आवाज साखरेसारखा गोड आला. "मला अजून कुणाचे फोन नकोत. काही लागलं तर थेट मला सांगत जा. वडीलधाऱ्यांना कशाला त्रास?"

त्यांना वाटलं ही संकोचानं नको म्हणते आहे. पुण्याची माणसं आग्रहाला फार भितात.

फोन ठेवून ती मला म्हणाली, "दुपारचं बिल्ड आपोआप सुरू होतं. त्याच्याआधी मी ते बंद करून ठेवते, म्हणजे झालं. आता अधिकार हाय, म्हणजे ते पोरगं मोकळं सुटणार." ती त्या प्रोग्रॅमला पोरगं म्हणायची. हे वाक्य पुरं होतंय न होतंय तोच अंगणात मोटारसायकली थांबल्याचे आवाज आले.

ह्यांनी सकाळीच, नक्की कळायच्या आधीच, गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं. आमच्या सूनबाईंना पुण्याच्या नामांकित कंपनीत पूर्ण अधिकार मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक समस्त ग्रामस्थ. समस्त ग्रामस्थांना हे त्यांच्याकडूनच कळलं. डेअरीचे चेअरमन नात्यानं ह्यांचे चुलतभाऊ लागतात, सगळे त्यांना तात्या म्हणतात. डेअरीच्या कपाटात शालींचा गठ्ठा बारमाही असतो, दहावीच्या निकालापासून सर्पमित्रापर्यंत कुणाचाही सत्कार तासाभरात उभा राहतो. तात्या शाल आणि नारळ घेऊन आले, मागून दहा-पंधरा माणसं. अंगणात खुर्च्या मांडल्या. सूनबाईला मधल्या खुर्चीत बसवलं.

"तात्या, दोन मिनिटं आत जाऊन येते," ती म्हणाली.

"लाजू नको पोरी. बस."

"काम हाय, तात्या, महत्त्वाचं."

"आता अधिकार हाय तुला. काम दुसऱ्याला सांगायचं," तात्या म्हणाले, आणि माणसं हसली. कुणीतरी विचारलं, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे प्रशासकच ना, कारखान्यावर मागं नेमला होता तसा? मग कंपनीचं संचालक मंडळ गेलं का? ह्यांनी तसं काही नाही असं सांगितलं, पण फार जोर लावून सांगितलं नाही.

माणसं जमता जमता दुपार झाली, मग तात्यांनी भाषण सुरू केलं. ते दुधाच्या दरावर गेले, तिथून मुलींच्या शिक्षणावर आले, मग वडगावच्या लोकांनी आपल्याला किती गुणी सून दिली यावर आले, आणि पुन्हा दुधावर गेले. मी खोलीच्या दारात उभी होते. तिथून लॅपटॉप दिसायचा. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. ओळींमागून ओळी, आणि सगळ्या हिरव्या. इतके दिवस लालशिवाय काही बघितलं नव्हतं. मला काय ठाऊक? हिरवं म्हणजे चांगलं एवढंच मला कळत होतं. मी आनंदानं तिला लांबूनच पदरानं खूण केली, माझ्या पोपटी लुगड्याच्या काठाला बोट लावून दाखवलं.

तिच्या लक्षात आलं. आणि तिचा चेहरा असा उतरला की तात्यांनी भाषणात म्हटलं, बघा, पोरीला भरून आलंय.

मग लॅपटॉप वाजायला लागला. ती खुर्चीतून उठून पळाली. खांद्यावर शाल, हातात नारळ. साहेबांचा फोन आलाय म्हटल्यावर सत्कारही तिच्यामागून आत आला. जागा मिळेल तिथं माणसं उभी राहिली, काही खिडकीत. पडद्यावर चौकोनात साहेब होते, बाजूच्या चौकोनांत ऑफिसातली पोरंपोरी. साहेबांचा आवाज आता गोड नव्हता.

झालं होतं ते असं. त्या टेस्टमधली एक टेस्ट शेवटी आपली जागा साफ करायची. साफ करण्यात तिचा आधीपासूनच काही घोळ होता, ती आपली जागा सोडून सगळीकडेच हात घालायची. रोज मशीन तिला परवानगी नाही म्हणायचं, त्यामुळे आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आज तिला चिठ्ठीनं अधिकार मिळालेला होता. तिनं सगळं चकचकीत केलं. सगळ्या ऑफिसनं जोडून ठेवलेली पॅकेजं होती, तीही झाडून टाकली. आणि काम बरोबर झालं म्हणून स्वतःला हिरवा शेरा दिला.

"काय केलंत हे?" साहेब म्हणाले. मग त्यांना मागची गर्दी दिसली, टोप्या, फेटा, शाल. "तुमच्याकडे काही कार्यक्रम चालू आहे का?"

"सत्कार हाय, साहेब," तात्या पुढं वाकून म्हणाले. "अधिकार मिळाल्याचा. तुमीबी या एकदा गावाकडं."

साहेब सूनबाईकडे वळले. "मॅडम, तुमचे सहा महिने या आठवड्यात संपतायत. तुम्हाला कायम करायचं माझ्या मनात होतं. पण तुम्ही दबाव आणून अधिकार घेतलात, ते मिळाल्या दिवशी सगळ्यांचं काम पुसलंत, आणि वर सत्कार करून घेताय. आता मला वेगळा विचार करावा लागेल."

तिच्याकडे उत्तर होतं. चिठ्ठी सासऱ्यांनी धाडली, आणि मी सकाळीच तुम्हाला नको म्हणाले होते, एवढं म्हटलं की ती सुटत होती. पण खोलीत गाव उभं होतं. गावासमोर सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती नारळाच्या शेंडीकडे बघत राहिली. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. बाहेर काही आलं नाही, नेहमीसारखंच. मला दिसत होतं की ही आता पुण्याला जाणार, आणि ही खोली पुन्हा पेंडीची होणार.

तेवढ्यात हे माणसं बाजूला सारत टेबलाशी गेले. टोपी सारखी केली. "साहेब, रामराम. चिठ्ठी मी धाडली. पोरीला ठाऊक न्हवतं. सकाळी ती तुमाला नको म्हणाली, ते मी हितंच बसून ऐकलंय."

"ते ठीक आहे, पण चिठ्ठी आल्यावर मी तरी..."

"तेच इचारतोय," हे म्हणाले. "तुमी ती पाळली कशी?"

"म्हणजे?"

"अहो, चिठ्ठी हाय ती! चिठ्ठी घ्यायची असती. नमस्कार करायचा, वाचल्यासारखं करायचं आन् फायलीला लावायची. देणाऱ्याचा मान ऱ्हातो, आणणाऱ्याचा ऱ्हातो. काम आपल्या नियमानं करायचं. आमच्या डेअरीला वरनं चिठ्ठ्या येतात, ह्याचं दूध नापास करू नका म्हणून. काय तात्या?"

"कपाट भरलंय," तात्या म्हणाले. "शाली ठेवायला जागा न्हाय."

"म्हणून काय आमी नासकं दूध टाकीत वततो व्हय? तुमी शिकलेली माणसं. पुण्यात बसता. आन् एका चिठ्ठीवर घराच्या किल्ल्या दिल्या? कुणी येऊन उद्या म्हणंल कंपनी द्या, तर द्याल का?"

खिडकीतून कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं. पडद्यावर एका चौकोनातली मुलगी हसायला लागली आणि तिनं घाईनं आपला चौकोन काळा केला. साहेब पाणी प्यायले. मी ह्यांच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं हे कडक कपडे घालून, गाडीची धूळ खात ज्या चिठ्ठ्या आणत होते, त्या सगळ्या फायलीला लावण्यासाठी होत्या, हे ह्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला त्या दिवशी कळलं. इस्तरी मीच करत होते.

मग सूनबाई बोलली. तिनं नारळ टेबलावर ठेवला. "सर, गेलेली पॅकेजं परत जोडता येतील. प्रोग्रॅमचं मूळ कुठे गेलेलं नाही. मी जोडते सगळ्यांची. फक्त आधी माझा अधिकार काढून घ्या, आणि त्या टेस्टसाठी मी जी वेगळी जागा मागत होते ती द्या."

"देतो," साहेब म्हणाले. या वेळी बघू म्हणाले नाहीत. "आठवडाअखेर बघतो काय दिसतंय, मग तुमचं ठरवू."

पडदा बंद झाला. तात्यांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि हळूच विचारलं, "मग सत्कार झाला धरायचा का न्हाय?" सूनबाईनं शाल काढून घडी करून त्यांच्या हातात दिली. गठ्ठ्यातली होती, गठ्ठ्यात गेली. नारळ तेवढा राहिला, त्याची मी चटणी केली.

त्या आठवड्यात ती टेबलावरून फारशी उठलीच नाही. मी ताट तिथंच नेऊन द्यायची. आधी तिनं सगळ्यांची पॅकेजं परत जोडली. मग त्या प्रोग्रॅमच्या टेस्ट निवडायला घेतल्या. काहींना कसलाच अधिकार लागत नव्हता, त्या होत्या तिथं ठेवल्या. काहींचं खोट्या मालकीवर भागत होतं, त्यांना तसं सांगितलं. आणि ज्यांना खरोखरच मालक व्हावं लागत होतं, त्या बिल्डमधून वगळून पत्रावळीच्या मशीनवर नेल्या. सगळं झाडून टाकणाऱ्या त्या टेस्टचा घोळही शोधून काढला आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कळवला. वगळलेल्या प्रत्येक टेस्टपुढं तिनं कारण लिहिलं, की इथं वगळली, अधिकार लागतो म्हणून, आणि तपासली अमुक ठिकाणी. मला म्हणाली, लोक वगळतात आई, पण तसं लिहीत न्हाईत, आन् मागून येणाऱ्याला वाटतं सगळं तपासलेलं हाय.

हे त्या आठवड्यात डेअरीवर मागच्या बांधानं जात होते. इंदापूरला गेले नाहीत. पांढरे कपडे धुऊन दोरीवर वाळले तरी इस्तरीला टाक म्हणाले नाहीत.

शेवटच्या दिवशी साहेब तिकडून बघणार होते. सूनबाईनं बिल्ड सुरू केलं. मी घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. हे आत आले, न खाकरता, आणि माझ्या शेजारी खाली बसले. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. हिरव्या, हिरव्या, मग काही पिवळ्या.

"ह्या पिवळ्या कसल्या?"

"वगळलेल्या, आबा."

"आपल्यातल्या? वगळल्या?" मतदारयादीतून नावं वगळतात, त्यामुळं ह्यांना वगळलेलं हा शब्द फार लागतो.

"त्या तिकडं घेतल्यात. हे बघा." तिनं दुसरी खिडकी उघडली. "हे वेगळं मशीन. आता तयार झालं. ह्यात टेस्ट सोडलीय."

"आन् हितं मालक कोण?"

"टेस्टच. पूर्ण अधिकार तिला. काय पायजे ते करू दे."

हे पुढं सरकून बघायला लागले. तिथंही हिरव्या ओळी आल्या. शेवटची ओळ आली आणि खिडकी पुसली गेली.

"हे काय झालं?"

"झालं तिचं काम. मशीन टाकून दिलं."

"सगळंच?"

"सगळंच. पुढच्या वेळी नवीन."

"पूर्ण अधिकार हुता म्हणतीस तिला."

"व्हय आबा."

"आन् टाकून दिलं."

"म्हणून तर दिला हुता, आबा."

हे माझ्यापुढच्या शेंगांतली एक उचलून मोडायला लागले, उलटी. थोड्या वेळानं साहेबांचा निरोप आला. सूनबाईनं तो आधी मनात वाचला, मग मोठ्यानं वाचला. कायम केलं आहे. काम गावातूनच. खाली एक ओळ होती, की बिल्डच्या मशीनवर अधिकार दिले जाणार नाहीत, आणि कुणाचीही चिठ्ठी आली तरी फायलीला लावली जाईल.

ती खुर्चीवरून उतरून खाली आली आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. शेंगा सगळीकडे गेल्या. माझ्यानं काही बोलवेना, पण या वेळी बोलायची गरजही नव्हती.

"म्हणजे पद वाढलं का कमी झालं?" ह्यांनी विचारलं.

"हाय तेच ऱ्हायलं, आबा."

"आन् अधिकार?"

"न्हाय."

"मग गावात सांगायचं काय?"

तिनं डोळे पुसले. "सांगा, सून हितंच ऱ्हाणार हाय म्हणून."

ह्यांनी ते वाक्य ग्रुपवर कसं दिसेल याचा विचार केला असावा. एवढ्यावर तात्या शाल काढणार नाहीत, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला मात्र त्याच्यापुढं काही नको होतं.